साडूंना पसंत पडलेलं शीर्षक

फुलाच्या फोटोला शीर्षक सुचेना म्हणून जेवण सोडणारा माणूस अख्ख्या नाशकात एकच असेल, आणि तो नेमका माझा थोरला साडू निघावा, हे माझं नशीब. फोटो काढणं ही त्यांच्या लेखी नुसती हमाली. खरी कला शीर्षकात, आणि ते सुचवायचं मी. मी सुचवावं आणि त्यांनी कडू काढा प्यायल्यासारखं तोंड करून म्हणावं, "साडू, तुम्हाला काही अभिरुची आहे की नाही?" 'पहाट' म्हटलं तर ते उथळ, 'उषःकाल' म्हटलं तर पाठ्यपुस्तकी. एकदा रामकुंडावर एका नातेवाइकाच्या दशक्रियेला आम्ही सगळे पिंडाला कावळा शिवायची वाट बघत उभे होतो. साडू माझ्या कानाशी येऊन कुजबुजले, "'ओंजळ' कसं वाटतं?" मी डोळे वटारले. "तेच म्हणतो मी, फार गोड होतंय," म्हणत ते हिरमुसून मागे सरकले.

घरात त्यांची भांडणं ताईंशी, म्हणजे त्यांच्या बायकोशी, माझ्या मेहुणीशी. अंगणातल्या तगरीची फुलं ताई सकाळीच देवासाठी तोडायच्या आणि हे कॅमेरा घेऊन मागे धावायचे, "अगं, ऊन तरी येऊ दे!"

"तुमच्या उन्हासाठी देव पारोसे ठेवू का?" असं विचारून ताई भरली परडी घेऊन आत जायच्या.

गेल्या थंडीत ताई गेल्या. परवा साडूंनी मला एक फोटो पाठवला. कॉलनीतल्या प्रदर्शनात तो ताईंच्या आठवणीसाठी लावायचा होता आणि शीर्षक संध्याकाळपर्यंत द्यायचं होतं. भर दुपारची तगर, पांढरीशुभ्र. ऊन हवं तेवढं. एकही फूल तोडलेलं नाही. मी फोन लावला.

"'शुभ्रा' म्हणू या?"

"चालेल."

मला वाटलं, त्यांना नीट ऐकू आलं नसेल. "की नुसतं 'तगर'?"

"तेही चालेल."

आता निदान खेकसतील तरी, म्हणून मी मुद्दाम उदबत्तीच्या पुड्यावर शोभेल असं भिकार नाव काढलं. "मग 'पुष्पमोहिनी' कसं वाटतं?"

पलीकडे साडूंनी घसा खाकरला. मला आशा वाटली.

"छान आहे," साडू म्हणाले. "तुम्हीच कळवून टाका प्रदर्शनवाल्यांना. मला आता त्यातलं काही कळत नाही."

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी माझं शीर्षक पसंत केलं होतं, आणि मला रडू आवरेना.