पक्षी एक सूर धरून बसत नाही

फोन आला तेव्हा मी बुटाच्या नाड्या बांधत होतो. रविवारची सकाळ. फोनवर शुभदावहिनींचं नाव दिसलं. वहिनी मला कधी फोन करत नाहीत, करायचा तो त्यांचा नवरा, वासू. "भावोजी, हे उठत नाहीयेत," एवढंच म्हणाल्या. मुलुंडात त्यांची बिल्डिंग माझ्यापासून चालत सात मिनिटांवर. मी पळत सुटलो. अर्ध्या वाटेत लक्षात आलं, पळता पळता मी कान देऊन ऐकतोय... मागून शीळ येतेय का ते. माझ्या पाठोपाठ डॉक्टर आले. झोपेतच गेला म्हणाले, हृदय बंद पडलं. वासुदेव परब, वय छप्पन्न. अंगात रविवारचा पिवळा टी-शर्ट होता. सकाळी बदलायला वेळ जातो म्हणून तो आदल्या दिवशीच घालून झोपायचा.

त्यानंतरच्या तीन आठवड्यांत त्याच्याविषयी पुष्कळ लिहून आलं. भांडुपच्या कारखान्यातला फिटर, मुरबाड-शहापूरकडच्या डोंगरांत पळण्याच्या वाटा शोधणारा, पाय निकामी झाल्यावरही अकरा वर्षं दुसऱ्यांना पळवणारा. सगळं खरं आहे. त्याच्या अपघाताची गोष्टही बहुतेकांनी लिहिली. मित्राला त्याची शीळ पक्ष्याची वाटली आणि मित्र पुढे निघून गेला, ती. तो मित्र मी. आणि ती गोष्ट खोटी आहे.

मी मुळात कमी बोलणारा. पार्ल्यातलं बालपण, विमा कंपनीतली नोकरी, चाळिशीच्या तोंडावर डॉक्टरांनी साखरेची भीती घातली म्हणून पळायला लागलेला. मुलुंडच्या मागच्या टेकडीवर धापा टाकत चढत होतो, तर पाठीमागून आवाज आला, "ओ सायेब, डोंगर पळून नाय जात. दमानं घ्या." ती पहिली ओळख. पुढच्या रविवारी मी नवे महागडे बूट घालून गेलो, तर हा माझ्याभोवती फेरी मारून म्हणाला, "बूट बघ मेल्याचे! तू पळतोस की ते पळवतात तुला?" त्याचे वडील कुडाळजवळचे, गिरणी बंद पडल्यावर सोसायटीत वॉचमन झालेले. त्यामुळे वासूच्या मुंबईच्या बोलण्यात मधूनच मालवणी डोकवायचं. महिन्याभरात मी 'सायेब'चा 'अव्या' झालो.

त्याला शर्यतीत रस नव्हता, वाटांत होता. बायका मोळ्या आणतात ती वाट, गुरं पाण्यावर जातात ती वाट, देवाला जायची पायवाट. गावात बसून विचारून विचारून तो त्या एकमेकींना जोडायचा आणि त्यातून वीस-बावीस किलोमीटरचा पळण्याचा रस्ता काढायचा. पळताना दर अर्ध्या तासानं शीळ घालून मला थांबवायचा. "अव्या, मागे ये. कारवी बघ, या वर्षी फुलणार." कधी कोळ्याचं जाळं, कधी अळंबी. माझ्या घड्याळाचं वाटोळं व्हायचं. शीळ ठरलेली होती, तीन सुरांची, मधला उंच. मागच्यानं घातली की पुढच्यानं तशीच परत घालायची. आणि एकदा उत्तर दिलं की जागेवर थांबायचं, हा नियम.

पावसाळ्यात त्या डोंगरांत शीळकरी कस्तूर गातो. निळा-काळा पक्षी, पण शीळ ऐकाल तर वाटेल कुणी पोरगा शाळेला दांडी मारून चाललाय. पहिल्या वर्षी मी फसायचो, पक्ष्याला उत्तर देऊन थांबायचो, आणि वासू मागून येऊन पोट धरून हसायचा. मग त्यानंच शिकवलं. "पक्षी भटकतो रे. एक सूर धरून नाय बसत. माणसाला काय पायजे असलं की तो तेच तेच वाजवतो." हे मी एकदा शिकलो ते शिकलो. पुन्हा कधी फसलो नाही. माझी कबुली खरं तर या एका वाक्यात आहे.

अकरा वर्षांपूर्वी, गणपतीच्या आधीच्या रविवारी, आम्ही दोघंच मुरबाडच्या बाजूला एक नवी वाट बघायला गेलो. पुढच्या आठवड्यात आमचा रविवारचा पळणाऱ्यांचा ग्रुप येणार होता. वासूनं वहिनींच्या जुन्या लाल साडीच्या चिंध्या करून आणल्या होत्या, वळणावळणावर झाडाला बांधायला. "आज तू पुढे हो. मी खुणा बांधत मागून येतो." आयुष्यात पहिल्यांदा मी पुढे होतो. जंगलातून वर चढलो, डोंगराच्या सोंडेवर आलो. धुकं, ओला कातळ, पाय कसे हलके पडत होते... घड्याळ बघितलं तर वासूच्या नेहमीच्या वेगाच्याही पुढे होतो. आणि खालून शीळ आली. तीन सूर, मधला उंच.

मी थांबलो. तोंडात उत्तर तयार होतं. पण उत्तर दिलं असतं तर थांबावं लागलं असतं. मनात आलं, असेल काहीतरी, अळंबी असेल, दाखवेल संध्याकाळी फोटो. आज नाही. पुन्हा शीळ आली, तीच. मी चालायला लागलो. तिसऱ्यांदा आली तेव्हा मी पळत होतो. त्यानंतर माझ्याच श्वासाच्या आवाजात काही ऐकू आलं नाही, किंवा मी ऐकलं नाही.

खालच्या गावात पोचलो, एका म्हाताऱ्या ठाकराच्या अंगणात चहा घेतला. अर्धा तास गेला. एक तास गेला. मी सारखा त्या सोंडेकडे बघत होतो. पिवळा टी-शर्ट धुक्यात दिसेल, मग तो दोन शिव्या घालेल, मग आपण हसू, असं मनाशी घोकत होतो. दुसरा चहा समोर आला तो तसाच निवला. म्हातारा म्हणाला, "तुमचा मानूस अजून नाय?" मग तो, त्याचे दोन पुतणे आणि मी उलटे वर चढलो. मी मागे पडत होतो. काय दिसेल याची भीती होती. वासू सोंड चढायच्या आधीच घसरून खालच्या दगडांत पडला होता. पाय गुडघ्याखाली भलत्याच दिशेला वळलेला. ओठ फुटले होते. शीळ घालून घालून. आम्ही पोचलो तेव्हा नुसती हवा येत होती, सूर नव्हता.

"आवाज दिला व्हता त्यांनी. तू ऐकला नाय?" त्याचे ओठ बघून म्हाताऱ्यानं मला विचारलं.

"ऐकला. मला पक्षी वाटला," मी म्हणालो. खोटं इतकं सहज आलं, जणू तयारच होतं. म्हाताऱ्यानं माझ्याकडे नुसतं बघितलं. जन्म त्या जंगलात गेलेल्या माणसानं. मग तो घोंगडीची झोळी बांधायला लागला.

पायाचा रक्तपुरवठा तुटला होता. डॉक्टर म्हणाले, पाय वाचेल, पण दोन तास आधी आणलं असतं तर कदाचित पूर्वीसारखा झाला असता. ते दोन तास कुठे गेले हे त्या खोलीत मला एकट्यालाच माहीत होतं. चौथ्या दिवशी खरं सांगायचं ठरवून मी वासूच्या खाटेशी बसलो. तोंड उघडणार तोच तो म्हणाला, "तोंड कशाला पाडून बसलास? तुझी काय चूक? माझी शीळच मेली पाखरासारखी." आणि मला सुटल्यासारखं वाटलं. एवढ्या वर्षांत मला माझी सगळ्यात जास्त लाज वाटते ती त्या सुटल्यासारखं वाटण्याची.

तो पुन्हा पळला नाही. काठी घेऊन लंगडत चालायचा. पण वाटा शोधणं सोडलं नाही. नकाशे बघायचा, गावागावांत फोन लावायचा, रविवारी टेम्पोतून येऊन सुरुवातीच्या जागी स्टुलावर बसायचा. आणि पळणाऱ्या प्रत्येकाच्या गळ्यात लाल प्लॅस्टिकची शिट्टी घालायचा. शिट्ट्या ओवल्या होत्या त्याच्या स्वतःच्या पळायच्या बुटांच्या नाड्यांत. "मला काय करायच्या आता? पाय एकच चालतो, नाड्या पडल्यात ढिगानं." नव्या पोरापोरींना दर वेळी सांगायचा, "तोंडानं शीळ घालायची नाय. माझी शीळ एवढी झकास की ह्यो अव्या पक्षी समजून पुढे गेला." सगळे हसायचे. मीही हसायचो. अकरा वर्षं, दर रविवारी. माणूस स्वतःच्या शिळेला दोष देत राहिला, आणि मी तो त्याला देऊ दिला.

तेराव्यानंतर मी वहिनींना सांगितलं. त्या वाटाणे सोलत होत्या. सोलायच्या थांबल्या नाहीत. माझं सांगून झालं. मग म्हणाल्या, "अपघातानंतर या घरात त्यांनी कधी शीळ घातली नाही, भावोजी. आधी अंघोळ करतानासुद्धा घालायचे. मी विचारलं तर म्हणाले, दळभद्री शीळ आहे, नको." त्यांनी पुढची शेंग उचलली. "मला एकटीला सांगून मोकळे होऊ नका. ज्यांच्या ज्यांच्या गळ्यात त्यांनी शिट्टी घातली, त्या सगळ्यांना सांगा. ह्यांच्या शिळेत काही खोट नव्हती म्हणावं." माफ केलं असं त्या म्हणाल्या नाहीत. मीही माफी मागितली नाही. म्हणून हे लिहितो आहे.

माझी शिट्टी दाराजवळच्या खिळ्याला असते, किल्ल्यांसोबत. नाडी पिवळी होती, आता मातकट झालीय. गेल्या रविवारी ती गळ्यात घालून मी ग्रुपबरोबर वासूच्याच एका वाटेवर गेलो. मी मधे कुठेतरी होतो. चढ संपता संपता खालच्या ओढ्यातून शीळ आली. लांबलचक, वर जाणारी, खाली येणारी, मनाला येईल तशी भटकणारी. पोरं थांबली, मोबाइल काढून आवाज टिपायला लागली. एकजण म्हणाला, "काका, कस्तूर ना?"

"कस्तूरच," मी म्हणालो, आणि मागे वळलो.

"अहो, मग चाललात कुठे?"

उत्तर म्हणून मी शिट्टी एकदा वाजवली, वासूच्या नियमाप्रमाणे, आणि ओढ्यापर्यंत खाली उतरून गेलो. दगड बघितले, झुडपांमागे बघितलं. कुणी नव्हतं. कुणी नसणारच होतं. आता शीळ आली की दर वेळी मी असाच जाऊन बघून येतो.