फळ्यावरची खालची ओळ

ही गोष्ट मी आजवर कुणालाच सांगितलेली नाही, बायकोलाही नाही. विक्रोळीच्या आमच्या नाक्यावर मंडळाचा फळा होता. त्यावर कबड्डीच्या अंतिम सामन्याच्या सूचनेखाली कुणीतरी खडूने एक जास्तीची ओळ लिहिली होती. ती मी लिहिली होती. त्या ओळीपायी दोन जिवलग मित्र एकमेकांशी बोलायचे बंद झाले ते कायमचेच. त्यातला एक, वसंता, गेल्या महिन्यात गेला.

फोन त्याच्या मुलीचा आला. सकाळची वेळ, मी दाढी करत होतो. "काका, बाबा गेले," एवढंच म्हणाली. मला रडू आलं नाही. पहिला विचार आला तो हा, की आता सांगायचं कुणाला... आणि त्याच्या पाठोपाठ दुसरा, की सुटलो. त्या दुसऱ्या विचाराची लाज जात नाही, म्हणून लिहायला बसलो.

वसंता थकवणारा माणूस होता. गेलेल्या माणसाबद्दल असं लिहू नये म्हणतात, पण त्याच्याबद्दल गोडगोड लिहिलं तर तो वसंताच राहणार नाही. मूळचा मालवणकडचा, कंपनीत पहिल्या पाळीला, आणि साडेतीनला सुटला की मंडळाचा चिटणीस. ऐंशीच्या दशकाचा मधला काळ. चाळीत रंगीत टीव्ही आले होते, गल्लीत क्रिकेट मुरलं होतं, आणि आमच्या ब गटाच्या कबड्डी स्पर्धेला निवृत्त कामगार सोडले तर कुत्रं फिरकत नव्हतं. वसंताला ध्यास एकच, कॉलेजातली पोरं मैदानावर आली पाहिजेत. म्हातारे बघून बघून मरतील, मग कोण बघणार, असं तो म्हाताऱ्यांच्या तोंडावर म्हणायचा.

मी गुणलेखक, म्हणून त्याच्याबरोबर फिरणं माझ्या नशिबी. तो पानपट्टीपाशी उभ्या पोरांचं मनगट धरायचा, अगदी पकड करावी तसं, आणि उद्या साडेपाचला येणार असं वदवून घेतल्याशिवाय सोडायचा नाही. क्रिकेटच्या पिचवर मधोमध जाऊन उभा राहायचा. पोरं "अंकल, साइडला व्हा ना" म्हणायची आणि मी जमिनीत शिरायची जागा शोधायचो. एका वर्षी पुढची बाकडी पोरांसाठी राखून ठेवली. बाकडी रिकामी, आणि म्हातारे मागे उभे राहून त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करतायत. एकदा 'उत्तम तरुण प्रेक्षक' म्हणून स्टीलचा डबा बक्षीस ठेवला. तो ज्याला मिळाला त्याच्या घरी रंगकाम चाललं होतं, बसायला जागा नव्हती म्हणून तो तीन दिवस मैदानावर येऊन बसला होता. डबा घेतला आणि पुन्हा कधी दिसला नाही. मी हसलो तर वसंता माझ्यावर चिडला. "तुका काय कळता? तीन दिवस बसलो ना तो?"

आमचा तिसरा, सदा. संघातला सर्वांत चांगला चढाईपटू, वसंताचा लहानपणापासूनचा दोस्त. घाटकोपरला एका व्हिडिओ लायब्ररीत काम करायचा. त्याचं अक्षर सुरेख, म्हणून फळा तोच लिहायचा. वसंताच्या खटपटी बघून तो एकदा म्हणाला, "यार, मी दुकानातून व्हीसीआर आणतो, सामन्यानंतर पिक्चर लावू. पोरं चड्डी सावरत येतील." वसंता हसला नाही. कबड्डी काय पिक्चरची शेपूट आहे का, म्हणाला. विषय तिथेच संपला, पण ऐकणारे दहाजण होते.

त्या वर्षी उपांत्य सामन्यालाही मैदान रिकामं. वसंता चुन्याच्या रेषेशेजारी उकिडवा बसला होता. माझ्याकडे न बघता म्हणाला, "उद्या पण पोरं नाय आली, तर पुढल्या वर्षापासून बंद." मला खरं तर बरं वाटायला हवं होतं. पण त्याचा तो चेहरा... वैताग आणि कीव एकत्र आले की माणूस नको ते करतो. दुसऱ्या दिवशी दुपारी कामावरून लवकर निघालो. फळ्यावर सदाने लिहिलं होतं, अंतिम सामना, सायंकाळी साडेपाच. खडू तिथेच होता. मी खाली लिहिलं, 'सामन्यानंतर रंगीत व्हिडिओवर नवा चित्रपट. प्रवेश मोफत.' ओळ उपरी वाटू नये म्हणून सदाच्या वळणासारखं अक्षर काढलं. त्याला अडकवायचं नव्हतं, हे मी शपथेवर सांगू शकतो, पण शपथेचा आता काय उपयोग. पोरं एकदा आली की खेळात रंगतील आणि व्हिडिओचं विसरतील, असा माझा हिशेब.

आणि पोरं आली. शेदोनशे तरी असतील, भिंतीवर, झाडावर. वसंता वेड्यासारखा इकडून तिकडे पाणी वाटत फिरत होता. सदाने एका चढाईत तिघांना मारलं तेव्हा जो आवाज उठला, तसा त्या मैदानावर मी पुन्हा ऐकला नाही. ती वीस मिनिटं वसंताच्या आयुष्यातली सर्वांत सुखाची असावीत, आणि ती मी दिली होती, हेही खोटं नाही.

मध्यंतरात कुणीतरी ओरडलं, व्हिडिओ कुठाय? मग सगळेच. वसंताने माइक घेतला, कसला व्हिडिओ ते विचारलं. एका पोराने फळ्याचं सांगितलं. आता इथे कुठलाही शहाणा माणूस गप्प बसला असता. अर्धा सामना बाकी होता, वीस मिनिटं कळ काढायची होती. पण नाही. "व्हिडिओ-बिडिओ काय नाय," तो माइकवरून म्हणाला. "कबड्डी बघायची त्यांनी थांबा, बाकीच्यांनी जावा." मैदान शिट्ट्या मारत रिकामं झालं. चार पोरं थांबली. आम्ही सामनाही हरलो.

मंडळाच्या खोलीत सदा गुडघ्याचं रक्त पुसत होता. वसंताने विचारलं, "फळा तू लिहिलास ना?"

"फळा मी लिहिला. खालची ओळ माझी नाय."

"मग कुणाची? दुकान तुझं, अक्षर तुझं."

सदाने खोलीत एकदा सगळ्यांकडे पाहिलं. मी गुणपत्रिका रचत होतो, रचलेल्या पुन्हा रचत होतो. तो दुसऱ्यांदा नाही म्हणाला नाही. चपला घातल्या आणि गेला. मी ठरवलं, उद्या सांगू, राग निवळला की. मग दिवाळीनंतर. मग सदाने मानखुर्दला घर घेतलं, आणि न सांगण्याची सवय झाली... सवय झाली की गुन्हा अंगाला टोचत नाही, कपड्यासारखा बसतो.

वसंताने स्पर्धा बंद केली नाही. थांबलेल्या चार पोरांना धरून आणखी कितीतरी वर्षं रेटली. त्यातलाच एक, आता पोट सुटलेला, बाराव्याला माझ्याशेजारी जेवायला बसला होता. म्हणाला, "सदाकाकांनी तो फळा लिहिला नसता ना, तर आम्ही आलोच नसतो. वसंतासरांना हे पटलं नाय कधी." मी वाढप्याला हाक मारून त्याच्या पानात भात वाढायला सांगितला.

पण त्याहून जड आहे ते वेगळंच. शेवटी हॉस्पिटलात भेटलो तेव्हा वसंता खिडकीकडे बघत होता. मग आपणहून म्हणाला, "सदाला बोलवावं असं वाटतं रे."

"मग बोलव ना."

"बोलवतो. त्याने एकदा कबूल करावं, बस. मी काय फाशी देणार नाय."

खोलीत आम्ही दोघेच होतो. नर्सही नव्हती. मी उशी सारखी केली आणि म्हणालो, बघतो, विचारतो त्याला. नऊ दिवसांनी तो गेला. सदा स्मशानात आला नाही. बोलावणं नव्हतं, आणि तोही काही कमी हट्टी नाही. एकाने निर्दोष माणसाकडून कबुली मागत जीव सोडला, दुसऱ्याने एकदाच नाही म्हणून तोंड मिटलं, आणि या दोन अडेलतट्टूंच्या मध्ये बसून मी पस्तीस वर्षं दोघांना 'जाऊ दे रे' म्हणत राहिलो. सर्वांत जास्त वैताग मला कुणाचा येतो, हे वेगळं लिहायला नको.

वसंताचं काही फिटणार नाही आता. सदा आहे. इथे लिहिलं म्हणजे सांगितलं असं होत नाही, कागदावर सोपं जातं म्हणून आधी इथे लिहिलं, हाही भित्रेपणाच. मानखुर्दला जाऊन, त्याच्यासमोर उभं राहून, त्याला 'फळा तू लिहिलास, खालची ओळ मी' एवढं तोंडाने सांगायचं देणं मी लागतो.