अव्वानं उपटलेली डबी

चिटगुप्पा गावात बल्ब लुकलुकला, की शहाणी माणसं आधी घरातले प्लग उपटतात. कमलम्मा तर त्यात पटाईत. एकदा गेलेली लाईट दणक्यात परत आली अन् तिचा फ्रीज जळला, तेव्हापासून तिचा विजेवर काडीचा भरवसा न्हाई. मागल्या महिन्यात तिनं लेकीच्या, शैलश्रीच्या लॅपटॉपचा प्लग काढला अन् लॅपटॉपला टोचलेली इंटरनेटची डबीही ओढली. लॅपटॉप बॅटरीवर चालायला पाहिजे होता, तो जागच्या जागी थिजला. शैलश्रीचं सकाळपासूनचं काम पाण्यात गेलं.

"अव्वा, चालू मशीनची डबी कामून काढलीस गं?"

"लाईट जायलीय, दिसंना का?" म्हणता म्हणता कमलम्माचा चेहरा उतरला. "चुकलंच माझं. आता हात लावत न्हाई."

शैलश्री घरी बसून कंपनीचं काम करायची, लॅपटॉप चालवणाऱ्या लिनक्स प्रणालीच्या पोटातला कोड तिच्या ओळखीचा. तिला राग आला, पण आईचा न्हाई. एक डबी निघाली म्हणून अख्खं मशीन मरावं, ही कुठली रीत?

दोन दिवस तिनं डबी उपटून उपटून खोट धरलीच. डबी निघाली, की तिला चालवणारा कोड, म्हंजे ड्रायव्हर, आवराआवर करून मेमरीतला तिचा पत्ता पुसायचा. पण मागं राहिलेलं एक काम उशिरा उठून तोच पत्ता विचारायचं. पत्त्याच्या जागी शून्य. तिथंच सगळं कोसळायचं.

'आधी ते काम थांबवा, मग आवरा,' अशी दुरुस्ती तिनं लिनक्सवाल्यांना पाठवली. ड्रायव्हर सांभाळणाऱ्या परदेशातल्या माणसाचं उत्तर आलं: 'चालू असताना डबी कोण काढतं? फार तर पत्ता शून्य आहे का तेवढं तपासा, पुरे.'

शैलश्रीनं लिहिलं, 'माझी आई काढते. आमचं निम्मं गाव काढतं. तपासल्यावर पुढच्याच क्षणी पत्ता पुसला गेला तर? ठिगळ मी लावणार नाही.' सोबत मशीन कोसळल्याच्या बारा नोंदी जोडल्या.

आठ दिवस गेले. मग दुरुस्ती जशीच्या तशी घेतली गेली. चूक ज्याला सापडली त्याचं नाव खाली लिहायची तिथं पद्धत आहे. शैलश्रीनं आईला स्क्रीन दाखवला. तिथं इंग्रजीत कमलम्मा लिहिलेलं होतं.

"माझं नाव कामून? मी तर बिघडवलंय."

"तू न्हाई बिघडवलंस. बिघडलेलं तू दाखवलंस."

तेवढ्यात बल्ब लुकलुकला. कमलम्माचा हात डबीकडं गेला अन् मधेच थांबला.

"काढ," शैलश्री म्हणाली.

तिनं काढली. लॅपटॉप चालूच राहिला.