जन्मवेळेतली चार मिनिटं

आमच्याकडे मुलगी लग्नाची झाली की तिच्या आधी तिचा बायोडाटा घराबाहेर पडतो. वर गणपती, बाजूला फोटो, खाली उंची, रास, नाडी, मामांचं गाव, नोकरीचं ठिकाण आणि मोबाइल नंबर. बँक ओळख पटवायला जेवढं विचारत नाही, तेवढं आपण अनोळखी माणसाला न विचारता कळवतो.

माझी मुलगी संग्रामपूरला शाळेत शिकवते आणि तिथेच एकटी खोली करून राहते. तिचा बायोडाटा आम्ही फक्त घरच्यांत दिला होता: तिचे दोन मामा, आत्या आणि मी. महिन्याभरात तिला परक्या नंबरांवरून 'हाय' येऊ लागले. मग एके दिवशी शाळा सुटताना दोन माणसं मोटारसायकल लावून फाटकाशी उभी. "मुलगी पाहाले आलो," म्हणाली. सोबत ना आई-बाप, ना आधी फोन.

रविवारी ती बुलढाण्याला घरी आली तेव्हा बायकोनं निकाल देऊन टाकला. "सोडून दे ते नोकरी अन् घरी ये. काऊन जीवाले घोर लावते?"

"चूक कोणाची अन् नोकरी मी सोडू?" एवढंच मुलगी म्हणाली.

बायोडाटा पसरवला कोणी? दोन्ही मामांनी कानावर हात ठेवले. आत्या रडली. मीही नाही म्हणालो, आणि अगदी मनापासून. त्या दिवशी मुलीनं नवा बायोडाटा केला. शाळेचं नाव काढलं, तिच्या नंबरच्या जागी माझा घातला आणि पुन्हा आम्हा चौघांनाच पाठवला.

तीन आठवड्यांनी मला फोन आला. पलीकडचे गृहस्थ खुशीत होते; पत्रिका उत्तम जुळत होती. मुलगी सुट्टीला घरीच होती. तिनं फोन स्पीकरवर टाकायला लावला आणि हळूच म्हणाली, "बाबा, जन्मवेळ काय लिहिली ते विचारा त्याईले."

"सकाळी सहा वाजून सोळा मिनिटं," गृहस्थ म्हणाले.

मी गोंधळलो. ती सहा बाराला जन्मली; दवाखान्याच्या भिंतीवरचं घड्याळ मीच पाहिलं होतं. फोन ठेवल्यावर तिनं वही उघडली. "मोठ्या मामाले तेरा दिले होते, लहान्या मामाले चौदा, आत्याले पंधरा. सोळा तुमचे, बाबा."

मग मला आठवलं. दोन्ही वेळा मी बायोडाटा एका मित्राला पाठवला होता. एका मित्राला पाठवणं म्हणजे पसरवणं नव्हे, अशी माझी प्रामाणिक समजूत. हा मित्र समाजाच्या परिचय मेळाव्याचा अध्यक्ष. वर्षातून तीनदा त्याला शाल मिळते आणि त्याच्या ग्रुपवर सगळेच मान्यवर असतात.

"अन् मी माह्या भावाईवर डाऊट घेऊन राह्यली होती!" बायको म्हणाली. मग तिच्या ध्यानात दुसरंच आलं. "पण खोटी जन्मवेळ? पत्रिका बिघडली असती म्हणजे?"

"चार मिनिटात गुरू घर बदलत नाही, आई."

"हे सुचलं कसं तुले?" मी विचारलं.

"तुम्हीच सांगत होते ना, बरोबर उत्तरावरून कॉपी सापडत नाही, चुकीवरून सापडते."

तीस वर्षं मी उत्तरपत्रिका तपासल्या. त्यातलं एक वाक्य कोणी तरी ऐकलं होतं, आणि त्याच्याच जोरावर मला पकडलं होतं. इतक्या आनंदानं मी आयुष्यात कधी नापास झालो नाही.

त्याच संध्याकाळी अध्यक्षांना फोन केला. ते म्हणाले, "पोरीचं लग्न कराचं हाय का लपवून ठेवाची हाय तिले?" मी म्हणालो, तिला विचारून काय ते सांगतो, तोवर तो कागद काढा. त्यांनी कुठे कुठे पाठवला त्याची यादी घेतली आणि आठवडाभर एकेका ग्रुपच्या प्रमुखाला फोन केले. काहींनी काढला, काहींनी काढतो म्हटलं. गेलेलं सगळं परत येत नाही, हेही त्यात कळलं.

तिचा नंबर बदलला, नोकरी नाही. आता तिच्या बायोडाट्यावर नाव आणि शिक्षण आहे; बाकी भेटीत सांगू, असं खाली लिहिलंय. यावर कोण येणार, असं बायकोला वाटत होतं. दोन घरची माणसं आली, आधी विचारून.

परवा बसस्टँडवर एका ओळखीच्यानं हटकलं. "गुरुजी, पोरगी कुठी राह्यते सध्या?"

"मजेत राहते," मी म्हणालो.