दोन वर्षांचा गॅप

बी.एस्सी. झाल्यावर मी दोन वर्षं घरीच होते. आप्पांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, खुब्याचं ऑपरेशन झालं होतं आणि माळेगावजवळची आमची उसाची रोपवाटिका बघायला कुणीतरी हवं होतं. ट्रेमध्ये नारळाच्या भुशाचं कोकोपीट भरायचं, त्यात उसाच्या कांडीवरचा एकेक डोळा लावायचा, बायकांना कामाला लावायचं, गिऱ्हाइकांशी हुज्जत घालायची. आप्पा काठी टाकून चालायला लागले तेव्हा म्हणाले, "आता तू तुझं बघ." मी बघायला गेले आणि कळलं, की माझ्या आयुष्यात एक गॅप आहे.

हे मला सांगितलं बारामतीच्या एका मॅडमनी. एस.टी. स्टँडजवळ मोबाइलच्या दुकानावर एका खोलीत त्यांचं ऑफिस. मुलामुलींना कंपन्यांत मुलाखतीला पाठवायचं, हे त्यांचं काम. बाई मनानं चांगल्या, पण बोलताना श्वास कधी घेतात ते अजून मला सापडलेलं नाही. माझ्या बायोडाटात "घरच्या शेतीत मदत" असं लिहिलं होतं, त्यावर त्यांनी सरळ काट मारली.

"घरचं काम लिहायचं नसतं. त्यांना वाटतं, पोरगी रिकामी होती."

"मी रिकामी नव्हते मॅडम."

"मला माहितीये गं. पण कागदावर तशी दिसतेस ना."

मला राग आला. आणि खरं सांगायचं तर थोडं पटलंही. पुढच्या चार मुलाखतींत चारही ठिकाणी तोच प्रश्न आला, मी चाचरत काहीतरी बोलले आणि "कळवतो" ऐकून परत आले. तिकडे पुण्याची मावसबहीण मागे लागली होती. तिच्या ऑफिसात दिवसभर फोनवर विमा विकायची जागा होती आणि दसऱ्यापर्यंतच ती जागा थांबणार होती. दसऱ्याआत इथं जमलं नाही तर मला जावं लागणार होतं. मला पुण्याला जायचं नव्हतं, विमा तर मुळीच विकायचा नव्हता. मला रोपांत राहायचं होतं. पण हे बायोडाटात कुठल्या रकान्यात लिहितात ते मला माहीत नव्हतं.

आता घोटाळा असा, की उसाच्या सरीत मधली रोपं मरून जी रिकामी जागा पडते तिला आमच्याकडं नांगी म्हणतात आणि हल्ली सगळे तिलाच गॅपही म्हणतात. त्यात माझा मोबाइल नंबर हाच रोपवाटिकेचा नंबर. एका सकाळी माझे हात कोकोपीटनं भरले होते, म्हणून मॅडमचा फोन आप्पांनी उचलला. स्पीकरवर.

"गॅपचं बोलायचं होतं," मॅडम म्हणाल्या. "दोन वर्षांचा गॅप आहे. कसा भरायचा ते ठरवू या."

"दोन वर्साचा?" आप्पा हबकले. "मॅडम, त्येचा नाद सोडा. आजूबाजूचं समदं वर गेलंय, ह्येला ऊनच न्हाय मिळायचं. जागीच खुरटंल."

"असं नका म्हणू काका. आपण कुठंतरी बसवू."

"बसवून काय बी उपेग न्हाय. उपटून टाका आन् दुसरं लावा."

मॅडम आयुष्यात पहिल्यांदा गप्प झाल्या असाव्यात. मी धावत येईपर्यंत फोन बंद झाला होता. दुपारी त्यांनी मला गाठलंच. "तुझे वडील फार निगेटिव्ह आहेत गं. पोटच्या पोरीला कुणी उपटून टाका म्हणतं का?" हसता हसता मी ट्रेवरच बसणार होते. आप्पांना सगळं सांगितलं तर ते म्हणाले, "मग त्येंनी आधी पीक कंचं ते सांगायचं."

दसऱ्याला आठ दिवस राहिले असताना मॅडमनी शेवटची मुलाखत ठरवली. इंदापूरची रोपं तयार करणारी एक कंपनी, जागा ऑफिसात कागद सांभाळायची. गॅपचं विचारलं तर कॉम्प्युटरचा कोर्स करत होते असं सांगायचं, हे त्यांनी माझ्याकडून तीनदा म्हणून घेतलं. इंदापूरच्या एस.टी.त मी ते खोटं मनात घोकत होते आणि मधेच आप्पांचं "जागीच खुरटंल" आठवून हसू येत होतं.

समोर पांढऱ्या केसांचे एक साहेब बसले होते. त्यांच्या बुटांना चिखल होता. बायोडाटा बघून म्हणाले, "हा गॅप कसा भरून काढणार?"

आणि माझ्या तोंडातून निघालं, "लागणीनंतर दहा-बारा दिवसांत सर. त्याच ट्रेतली, त्याच वयाची रोपं राखून ठेवायची. उशीर केला तर शेजारच्या उसाच्या सावलीत ती दबतात."

साहेबांनी चष्मा काढला. "मी तुमच्या बायोडाटातल्या गॅपबद्दल विचारत होतो."

मी आप्पांना हसले होते, आता तेच माझ्या वाट्याला आलं होतं. कोर्सचं खोटं बोलायला तोंडच उरलं नव्हतं, म्हणून जे होतं ते सांगून टाकलं: ऑपरेशन, रोपवाटिका, ट्रे, बायका, गिऱ्हाइकं. साहेब उठले आणि मला मागच्या शेडमध्ये घेऊन गेले. तिथं एक ट्रे पिवळा पडला होता. "याला काय झालंय?" मी एक रोप उचकटलं, मुळी बघितली आणि म्हटलं, "पाणी जास्त होतंय सर. ट्रेची खालची भोकं बुजलीत." त्यांनी ट्रे उलटा केला. बुजलेली होती.

दोन दिवसांनी मॅडमचा फोन. ऑफिसातली जागा दुसऱ्या कुणाला तरी दिली होती. मला कंपनीच्या रोपवाटिकेवर सुपरवायझर म्हणून घेतलं होतं. ती जागा त्यांच्या यादीतच नव्हती, तरी आनंद त्यांना माझ्याइतकाच झाला. "कोर्सचं पाठ करून घेतलं ते बरं झालं बघ," म्हणाल्या. मी "हो मॅडम" म्हटलं.

नेमणुकीचं पत्र मी आप्पांना अंगणात वाचून दाखवलं. मधे एक ओळ होती: अनुभव, दोन वर्षे. ती दोन वर्षं मी स्वतःसुद्धा रिकामी धरायला लागले होते, त्याची लाज वाटली आणि रडूच आलं. आप्पांनी पत्र हातात घेतलं, ती ओळ बोटानं शोधली.

"दोनच कशी लिवली?" ते म्हणाले. "बारावीच्या सुट्टीत बी ट्रे भरलंस की तू. दुरुस्त करून आण."