सरखेलाचे डोळे

एका परदेशी कंपनीने दुसरी परदेशी कंपनी विकत घेतली, त्यामुळे माझा सख्खा मेहुणा गणपतीपासून दिवाळीपर्यंत माझ्याशी बोलला नाही.

आता तुम्ही म्हणाल, त्या कंपन्यांचा आणि पेण-रोह्याच्या माणसांचा संबंध काय? अहो, तेच तर मी तेव्हापासून स्वतःला विचारतोय! अजून नीट कळलेलं नाही. जेवढं कळलंय तेवढं सांगतो.

आमचा पेणला गणपतींचा कारखाना आहे. (पेणमध्ये कारखाना नसलेला माणूस हवा असेल तर स्टँडवर जाऊन बाहेरगावचा गाठावा लागतो.) साचे काढणं, घासणं, रंग मारणं ही कामं बाकीची माणसं करतात. माझ्याकडे आखणी, म्हणजे डोळे काढणं. डोळे सगळ्यांत शेवटी, आणि डोळे चुकले की मूर्ती गेली. वडिलांनी माझा हात त्यातच तयार केला. त्यामुळे गणपती सोडून मी उभ्या आयुष्यात कुणाचे डोळे काढलेले नाहीत.

काम करताना समोर रंगाच्या डब्याला मोबाइल टेकवलेला असतो. त्यावर मी एक परदेशी मालिका बघायचो, हिंदीत डब केलेली. अंतराळातल्या लढाया, ग्रहाग्रहांवरची राज्यं, मोठमोठी जहाजं. तिचं इंग्रजी नाव जिभेला वळत नाही, म्हणून मी आणि माझा मेहुणा नंदू तिला ‘आरमार’ म्हणतो. आणि आमच्या किनाऱ्यावर आरमार म्हटलं की सरखेल आलाच, म्हणून त्या ताफ्याचा जो म्हातारा प्रमुख आहे, तो आमचा ‘सरखेल’. काय माणूस आहे! पहिल्या पर्वात पोरगा गमावतो. पुढे शत्रूच्या हाती लागू नयेत म्हणून आपलीच जहाजं आपल्याच माणसांसकट उडवून देतो, आणि त्यावर कुणाला एका शब्दानं खुलासा करत नाही. हसत तर कधीच नाही.

नंदू रोह्याला केमिकल कंपनीत आहे. शिफ्ट सुटली की हा आधी भाग बघणार, मग हात धुऊन जेवायला बसणार. तर एक दिवस भर दुपारी त्याचा फोन आला.

“भावजी, आधी खाली बसा.”

“का रे? आई बऱ्या हायत ना?”

“आई ठणठणीत हाय. आरमार विकलं!”

“कुणाला?”

“त्या सशाच्या कंपनीला!”

माझ्या हातातला ब्रश गळून पडला. सशाची कंपनी म्हणजे ती हो, जिचा गुलाबी ससा पोरांना दात घासायला शिकवतो! प्रत्येक दप्तरावर, डब्यावर, पाण्याच्या बाटलीवर तोच. त्या सशाच्या हातात आमचा सरखेल!

माझा चेहरा बघून बायको धावत आली. (बायको म्हणजे मंगल, नंदूची थोरली बहीण, माहेर रोहा.) तिला वाटलं, मूर्ती फुटली.

“अगो, मूर्ती नाय. आरमार आता पोरकट करतील. इतके दिवस ते मॅच्युअर होतं.”

“मॅच्युअर म्हंजे काय? शिव्या हायत त्यात?”

“शिव्या हायत. पण शिव्या म्हंजे मॅच्युअर नाय.”

“रक्तबिक्त?”

“रक्त पण हाय. पण ते पण नाय गो!”

“मग काय ते सांगा ना एकदा!”

मी पडलेला ब्रश उचलून पुसला. “म्हंजे बघ, चांगला माणूस वाईट काम करतो, आणि तो चांगला की वाईट ते कुणी आपल्याला सांगत नाय. आपलं आपण ठरवायचं.”

“एवढंच ना?” मंगल म्हणाली. “मग आमचे थोरले काका मॅच्युअर हायत.” आणि गॅसवर दूध ठेवलं होतं म्हणून निघून गेली.

त्यानंतर रोज रोह्याहून एक बातमी यायची आणि माझ्या डोक्याचा भुगा करायची. नवीन मालक म्हणतात काही बदलणार नाही. “म्हंजे नक्की बदलणार,” नंदू म्हणायचा. नवीन मालक म्हणतात मालिका घराघरात पोचवू. “म्हंजे ससा येणार!” मग एक दिवस मालक काहीच बोलले नाहीत, तर त्या दिवशी नंदूला सगळ्यात जास्त धडकी भरली. मी आधी म्हणायचो, बिघडवतील. मग वाटायचं, नाही बिघडवणार. संध्याकाळपर्यंत मी दोन्ही बाजूंनी भांडून एकटाच दमलेला असायचो!

त्यात त्याच वर्षी नंदू त्यांच्या आळीच्या मंडळाचा अध्यक्ष झाला. आधीचे अध्यक्ष तात्या. तात्यांच्या राज्यात देखावा एकच, धबधबा. कळ दाबली की पाणी पडायचं, आणि बाजूला एक पुठ्ठ्याचा मोर मान हलवायचा. नंदूने मीटिंगमध्ये सांगून टाकलं, यंदा धबधबा बंद, यंदा सरखेल! जळणाऱ्या जहाजांसमोर उभा सरखेल, पुरुषभर उंच!

“पोरखेळ हाय हा,” तात्या म्हणाले.

“पोरखेळ नाय तात्या, मोठ्यांचं हाय हे. ससेवाल्यांनी वाट लावायच्या आधी लोकांना खरा सरखेल दाखवायचाय. बघणाऱ्याचा थरकाप उडाला पायजे!”

“आणि नाय उडाला तर?”

“तर तिथल्या तिथं अध्यक्षपद सोडतो. परत धबधबा लावा!”

भर मीटिंगमध्ये बोलला हो हा! आणि मग मला फोन. “भावजी, अब्रू तुमच्या हातात हाय.” मीही छाती फुगवून म्हणालो, “अरे, पेणचा माणूस हाय मी. डोळे बघून लोक घरी पळतील.”

अंग झकास झालं. रुंद खांदे, काळा गणवेश, गालावर व्रण. सगळा गडी तयार झाला आणि शेवटी मी ब्रश घेऊन डोळ्यांना बसलो. श्वास रोखला, वरची रेघ एका दमात ओढली, बुबुळं भरली, मागे सरकून बघितलं. वा! काय उग्र! मंगलला हाक मारली.

“अय्या, किती गोड!” मंगल म्हणाली.

“गोड? अगो, हा आपल्याच माणसांना उडवून देतो!”

“देत असेल. पण नजर किती मायेची हाय बघा.”

पुसलं. पुन्हा काढलं. आता भुवया खाली ओढल्या. मंगल म्हणाली, “आता चिंतेत हाय बिचारा. आपल्यासाठीच चिंता करतोय असं वाटतं.” पुन्हा पुसलं. म्हटलं, राग मनात आणल्याशिवाय हातात येणार नाही. नळाला पाणी नसतं ते आठवलं, ऐन रंगाच्या वेळी वीज जाते ते आठवलं, लग्नात माझा फेटा नंदूने लपवला होता ते आठवलं. दात-ओठ खात रेघ ओढली. समोर साक्षात कृपादृष्टी! शेवटी डाव्या हाताने काढून बघितले, तर तोच दयाळू, फक्त तिरळा. तेही पुसून परत उजव्या हाताने काढले.

“मंगल, खरं सांग, जराही भीती नाय वाटत?”

“नाय हो. उलट काहीतरी मागावंसं वाटतं.”

आता मात्र माझं मलाच कळेना. सारखं बघून बघून मला तो उग्रच दिसायला लागला होता. म्हटलं, मंगलला काय कळतंय आरमारातलं! तिने एकही भाग बघितलेला नाही. डोळे तसेच ठेवले, टेम्पो बोलावला आणि सरखेलाला चढवला. आणि चढवताना हाताला जी सवय, ती आड आली. कारखान्यातून मूर्ती निघाली की तिच्या तोंडावर रुमाल टाकायचा, तो मी सरखेलाच्याही तोंडावर टाकला! कारागिरांपैकी कुणीतरी “गणपती बाप्पा” म्हणालं, बाकीच्यांनी “मोरया” म्हटलं, आणि तो खुनी माणूस रोह्याला निघाला.

मंडपात नंदू शिफ्टवरून थेट आलेला. “भावजी, बघू तरी!” म्हणून रुमालाला हात घालायला गेला.

“हां! हात लावू नकोस. रुमाल सगळ्यांसमोर काढायचा असतो.” (कुणाचा काढायचा असतो, हे मला त्या क्षणी सुचलं असतं तर!)

संध्याकाळी आरती झाली. अख्खी आळी जमली. मंडपात अंधार केला, लाल दिवे लागले, धूर सोडला. नंदूने स्वतःच्या आवाजात टेप केलेलं भाषण घुमायला लागलं, “मी माझीच माणसं मारली. मला माफी नको!” मागे पुठ्ठ्याची जहाजं पेटल्यासारखी दिसत होती. खरं सांगतो, माझ्याच अंगावर काटा आला. एक पोर आईला चिकटलं. तात्यांनीसुद्धा चष्मा सारखा केला. नंदूने माझ्याकडे बघून मान हलवली, पुढे झाला आणि दोन्ही हातांनी रुमाल काढला.

लाल उजेड सरळ सरखेलाच्या डोळ्यांवर पडला.

आणि मग माझ्या सासूबाई, म्हणजे नंदूची आई, पहिल्या रांगेतून उठल्या. डोक्यावर पदर घेतला, पुढे गेल्या आणि सरखेलाला हात जोडले.

“बाय गो! काय प्रसन्न हाय!”

झालं! रांगच लागली. कुणी जास्वंद वाहिली, कुणी नारळ ठेवला. आईला चिकटलेलं पोर सुटलं आणि सरखेलाच्या बुटावर जाऊन बसलं. एका बाईंनी दहावीतल्या मुलीला पुढे ढकललं, “गणिताचं सांग गो त्यांना.” नंदूचा टेप आपला ओरडतोच आहे, “मला माफी नको!”

मी धावत पुढे झालो. “अहो, पाया काय पडताय? हा वाईट हाय! याने स्वतःची जहाजं उडवली, माणसांसकट!”

सासूबाईंनी सरखेलाकडे वळून बघितलं, मग माझ्याकडे. “असतील काय त्याच्या अडचणी, जावईबापू. आपल्याला काय म्हायत?”

चांगला की वाईट ते कुणी सांगायचं नाही, आपलं आपण ठरवायचं, असं मीच नव्हतो का म्हणालो? मग सासूबाईंनी तेच तर केलं होतं! म्हणजे देखावा जमला होता की फसला होता? माझं डोकं गरगरायला लागलं.

तात्यांचं मात्र गरगरत नव्हतं. ते शांतपणे नंदूच्या शेजारी येऊन उभे राहिले.

“थरकाप कुठं उडाला रे?”

नंदूने छातीवरचा अध्यक्षाचा बिल्ला काढून तात्यांच्या हातात दिला. मग माझ्याजवळ आला. डोळ्यांत पाणी होतं त्याच्या. “भावजी, ससेवाल्यांनी तुम्हाला कामाला ठेवलाय काय?” एवढं बोलला आणि निघून गेला. मला फार वाईट वाटलं. पोराने एवढ्या हौसेने पद मिळवलं होतं, आणि माझ्या एका ब्रशापायी गेलं.

तात्यांनी धबधबा लावला असेल म्हणता? छे! आजूबाजूच्या गावांतून लोक रिक्षा करून सरखेलाला बघायला यायला लागले. तात्यांनी टेप तेवढा बंद केला, मागे बासरी लावली, आणि सरखेलाच्या शेजारी तो मोर आणून ठेवला. मंडळाला कधी नव्हे ती गर्दी, आणि तात्या भेटेल त्याला सांगायचे, “कल्पना माझीच!”

नंदू माझा फोन उचलेना. मंगल बहीण म्हणून बोलायची, पण मी शेजारी आहे कळलं की तो फोन ठेवायचा. असं करत दिवाळी आली. भाऊबीजेला तो पेणला आला, माझ्याकडे पाठ करून ओवाळून घेतलं, करंजी खाल्ली. आणि नेमकं त्याच दिवशी आरमारचं नवं पर्व लागलं, सशाच्या कंपनीने काढलेलं पहिलं!

आता काय करता? टीव्ही एकच! नंदू सोफ्याच्या त्या टोकाला, मी या टोकाला, मध्ये मंगल चकल्यांचं ताट घेऊन. दोघांनीही श्वास रोखलेला. आता ससा येतो, मग ससा येतो.

ससा आलाच नाही! सरखेल आला. अजून म्हातारा, अजून खंगलेला. पहिल्याच भागात त्याने जिवलग मित्राला फासावर चढवलं, आणि घरी जाऊन मुकाट्याने जेवायला बसला. कुणी त्याला बरा म्हटलं नाही, कुणी वाईट म्हटलं नाही. त्याने एकदा सरळ आमच्याकडे बघितलं, आणि नंदूच्या हातातली चकली हातातच राहिली.

भाग संपला. मला इतकं हायसं वाटलं की मी राग-रुसवा विसरून नंदूच्या मांडीवर थाप मारली. “बघितलंस? नाय बिघडवलं त्यांनी!”

नंदूने इतक्या दिवसांत पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. “भावजी, एवढी मोठी कंपनी. पैसा हाय, माणसं हायत, ससा हाय. पण जे त्यांना जमलं नाय, ते तुम्ही एका ब्रशात करून दाखवलात!” आणि तो हसला. मग मीही हसलो, आणि भांडण तिथेच मिटलं.

फक्त मंगल हसत नव्हती. ती अजून टीव्हीकडेच बघत होती.

“हा सरखेल?” ती म्हणाली. “काय अवतार करून ठेवलाय हो त्याचा! डोळे बघा कसे काढलेत. तुम्ही म्हणत होता तेच खरं, वाटच लावली कंपनीने!”

आणि लाज सोडून सांगतो, मीही मान डोलावली. मलासुद्धा तो जरा नकलीच वाटला!