वर्षाची झोप

अमळनेरची वर्षा लग्न होऊन परराज्यात, उधन्याला आली. एकच खोली, आणि भिंतीपलीकडे कापड विणणाऱ्या लूमचा अखंड खडखडाट. नवरा गजेंद्र रातपाळीला, त्यामुळे घर झोपायचं ते दुपारी. अशाच एका दुपारी तिचा डोळा लागतो न लागतो तोच पायरी चुकल्यासारखं झालं आणि अंग ताडकन उडालं. डोळे उघडले, तर सासू शोभाबाई टक लावून बघत होत्या.

"तुले मिरगी येस का?"

"नही, आत्याबाई! पडनू असं वाटनं."

चार दिवसांत पुन्हा तसंच झालं. "तुनी मायनी आम्हले सांगं नही," असं म्हणून शोभाबाईंनी तिच्या वडिलांना निरोप धाडला: येऊन मुलीला घेऊन जा.

वर्षाने मग झोपायचंच नाही असं ठरवलं. डोळे मिटायला लागले की उठायची, कडक चहा घ्यायची, भांडी पुन्हा घासायची. पण बसल्या बसल्या पेंग यायची आणि मान, हात, पाय, काहीतरी उडायचंच. आधीपेक्षा जास्त. आपल्याला खरंच काही झालंय की काय, असं तिलाच वाटू लागलं.

शेवटी ती गजेंद्रला म्हणाली, "घरी धाडायचं तर धाडा. आधी डॉक्टरकडे न्या."

शोभाबाईही सोबत गेल्या. गुजराती डॉक्टरांनी हिंदीत त्यांनाच विचारलं, तोंडाला फेस येतो? जीभ चावली जाते? हाक मारली तर कळत नाही?

"लगेच उठते," शोभाबाई कशाबशा म्हणाल्या.

"मग ही मिरगी नाही, बेन. झोप लागताना अंग सैल पडतं, तेव्हा मेंदूचा घोटाळा होतो आणि अंगाला झटका बसतो. का होतो ते पुरतं कोणालाच ठाऊक नाही, पण होतो बहुतेकांना. जागरण, चहा, काळजी यांनी वाढतो. हिला झोपू द्या."

दुसऱ्या दिवशी वडील धापा टाकत आले. "सहज बलायं, भेटाले," शोभाबाईंनी सांगितलं आणि ताट वाढलं. ओट्याशी उभ्या वर्षाने रागाने हातातलं भांडं आपटलं.

वडील गेल्यावर ती आडवी झाली. डोळा लागताच पाय उडाला. तिने घाबरून पाहिलं. शोभाबाई बघतच होत्या. मग त्यांनी कूस बदलली. वर्षा मात्र बराच वेळ त्यांच्या पाठीकडे बघत जागत राहिली.